मूळव्याध हवीय? मग एवढं कराच

परवा जिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकांनी गाठलं. इकडेतिकडे बघून हातात एक कार्ड सरकवलं. 'विना ऑपरेशन, विना चिरफाड, एकाच बैठकीत मुळापासून इलाज.' "आमच्या जावईबापूंना गुण आला हो," काका कुजबुजले. कार्डावरचा पत्ता मला तोंडपाठ आहे. तिथून आल्यावर मी अकरा दिवस पालथा झोपत होतो. तेव्हा याच वाटेने यायचं असेल, तर अनुभवाचे चार बोल ऐका.

संडासात मोबाइल न्यायला विसरू नका. गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या असतात, सगळ्यांनाच असतात. त्या फुगवून खाली उतरवायच्या म्हणजे तपश्चर्या हवी. कमोडवर अर्धा तास बसलं की खालून आधार नाही, रक्त तिथेच तुंबतं, काम फत्ते. बाहेर पोराची स्कूलबस हॉर्न देत असेल तर "झालंच" म्हणा आणि पुढचं रील लावा.

जोर लावून कुंथा.

खाण्यात चोथा नको. डॉक्टर दिवसाला 25-30 ग्रॅम सांगतात, सांगू देत. भाकरी, पालेभाजी, सालीची मूग डाळ गावाकडच्यांना. आपण सकाळी खारी, दुपारी वडापाव, रात्री नूडल्स. आणि मूळव्याधीचे मोड आले की खापर ठेच्यावर फोडा. बिचारा जळजळ वाढवतो फार तर.

पाणी कमी प्या. बायकांना हे शिकवावं लागत नाही. एसटी स्टँडवरचं ते 'स्वच्छतागृह' एकदा पाहिलं की बाई घोटभर चहावर कोल्हापूर गाठते.

आता मुख्य पथ्य. रक्त दिसलं तर कुणाला सांगायचं नाही. लालभडक थेंब पडतात, पण दुखत तर नाही ना? आतल्या मोडांचं हेच असतं, तिथल्या अस्तराला वेदना कळतच नाही. मी सात महिने 'उष्णता' म्हणून सब्जा प्यायलो. स्वतःचे कपडे स्वतः धुवायला लागलो, बायकोला वाटलं नवरा सुधारला! मग एके दिवशी तो बोर्ड दिसला. एक खोली, एक पडदा, तेलकट रेक्झिनचं टेबल. भिंतीवर पदवी नाही, कुठल्याशा मंडळाने केलेल्या सत्काराचा फोटो. त्याने धड तपासलंही नाही. काहीतरी टोचलं. काय ते विचारलं तर म्हणे, "वनस्पती आहे." पंधरा हजार मोजून घेतले, पावती मागितली तर हसला. रात्री आग आग झाली, लघवी अडकली, पहाटे मला रिक्षात आडवं घालून नेलं. सर्जनने नळी घालून बघितलं आणि कपाळाला हात लावला. मूळव्याध चार पायऱ्यांपैकी दुसऱ्या पायरीवर होती. इसबगोल, भरपूर पाणी, नाहीच भागलं तर मोडाला रबरबँड घालून त्याच दिवशी घरी. आता मात्र आधी जखम भरायची होती. पण लाज राखली की नाही मी? सात महिने राखली!

कसली डोंबलाची लाज! त्या डॉक्टरच्या टेबलावर रोज माणसं कुशीवर वळून झोपतात, त्यांना तुमच्या पार्श्वभागाचं काडीचं अप्रूप नाही. आणि रक्त म्हणजे मूळव्याधच, हे ठरवणारे तुम्ही कोण? गुदद्वाराला चीर पडली असेल. आतड्याचा कॅन्सर असेल, त्यातही रक्तच पडतं, आणि लोक वर्षभर सब्जा पीत बसतात. पंचेचाळिशी उलटलेल्यांनी तर दुर्बिणीच्या तपासणीचं डॉक्टरांना स्वतःहून विचारा. घरात आई गप्प गप्प बसत असेल, खुर्चीत एका कुल्ल्यावर टेकत असेल, तर तिलाही विचारा. ती आपण होऊन सांगणार नाही.

आणि काका, तुमचं कार्ड तुम्हालाच लखलाभ. जावईबापूंना गुण आला म्हणता, मग परवा सोसायटीच्या मीटिंगला दोन तास ते भिंतीला टेकून उभे का होते?