सगळ्यांच्याच शरीरात असलेल्या विषाणूला दोषी कसं धरायचं?

एप्स्टाइन-बार या विषाणूमुळे काही कॅन्सर होतात, असं सांगणाऱ्या माझ्या लेखावर तुमची खरमरीत प्रतिक्रिया वाचली. तुमचा मुद्दा असा, की 90 टक्क्यांहून अधिक प्रौढांत हा विषाणू असतोच, मग तो कॅन्सरच्या गाठीत सापडला यात नवल काय? खुनाच्या जागी हवाही असते, म्हणून हवेला खुनी म्हणायचं का? वर 'उगाच घाबरवू नका' हा सल्ला.

हवेचा दाखला झकास आहे, पण इथे लागू पडत नाही. विषाणू शरीरात आहे का, याला महत्त्व नाहीच. तो कोणत्या पेशींत आहे ते बघायचं. निरोगी माणसात दहा लाख बी पेशींमागे (या रक्तातल्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) जेमतेम 1 ते 50 पेशींत तो दडून असतो. नाकामागच्या घशाच्या कॅन्सरमध्ये, दक्षिण चीनमध्ये बहुतांशी आढळणाऱ्या प्रकारात, तो जवळपास प्रत्येक कर्कपेशीत सापडतो. 1986 साली तर याहून पक्का पुरावा मिळाला. पेशीत शिरल्यावर या विषाणूच्या डीएनएची टोकं जुळून त्याचं कडं होतं. त्या सांध्यावर एक ठरावीक तुकडा किती वेळा येतो, हे दर शिरकावात बदलतं. गाठीतल्या पेशींत मात्र तो आकडा एकच निघाला. विषाणू मागाहून घुसला असता, तर आकड्यांची सरमिसळ दिसली असती. म्हणजे तो आधी आला, गाठ त्या एका पेशीपासून वाढली.

युगांडात सुमारे 42,000 मुलांचं रक्त आधीच घेऊन ठेवलं होतं. पुढे ज्यांना बर्किट लिंफोमा, म्हणजे बी पेशींचा एक कॅन्सर झाला, त्यांच्या जुन्या नमुन्यांत या विषाणूविरुद्धच्या अँटिबॉडी इतर मुलांपेक्षा जास्त निघाल्या. लागण तर बहुतेक सगळ्यांनाच झालेली होती!

मग सगळ्यांना कॅन्सर का होत नाही? कारण विषाणू एकटा पुरत नाही. बर्किटमध्ये मलेरियाचा हात असतो, शिवाय पेशींच्या वाढीला चालना देणाऱ्या मिक या जनुकाची जागा बदलावी लागते. अवयव प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांमुळे याच विषाणूच्या गाठी होतात, आणि औषध कमी केल्यावर त्यातल्या काही विरघळतातही.

तुमची शंका जिथे शोभते अशा जागाही आहेत. स्तनाच्या कॅन्सरशी या विषाणूचा संबंध जोडणारे दावे मला कच्चे वाटतात. जठराच्या कॅन्सरमध्येही त्याचा वाटा दहातल्या एखाद्या गाठीपुरताच. आणि घाबरवण्याचं म्हणाल, तर जुन्या लागणीच्या अँटिबॉडी रिपोर्टमध्ये दिसल्या म्हणून कॅन्सरच्या तपासण्या करत सुटू नका, हे मी कुणालाही सांगेन.