शाल नको, किल्ली द्या

आज ४ फेब्रुवारी, जागतिक कॅन्सर दिन, म्हणून ऑफिसात माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि 'फायटर' लिहिलेली काचेची ट्रॉफी. एचआरची मुलगी म्हणाली, मॅडम चार शब्द बोला ना, पॉझिटिव्ह. बोलले. टाळ्या झाल्या, फोटो झाले, समोसे संपले, सगळे आपापल्या जागेवर. मी पण. माझी जागा म्हणजे पँट्रीशेजारचं टेबल, जिथं गेले सात महिने मी दुसऱ्यांनी केलेल्या एन्ट्र्यांवर टिकमार्क करत बसते.

अकरा वर्षं अकाउंट्सच्या कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये होती. व्हाउचर, चेकबुकं, पेटी कॅश, सगळं त्यात. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ज्युनिअरच्या हातात दिली, म्हटलं सांभाळ रे, येतेच. केमो, रेडिएशन सगळं उरकून आले, पहिल्याच दिवशी हात पुढे केला तर तो बिचारा सरांकडे बघायला लागला, आणि सर म्हणाले, "राहू दे मॅडम, तुम्हाला उगाच ताण नको."

ताण?? रिपोर्टचं पाकीट उघडायच्या आधीची पाच मिनिटं म्हणजे ताण. सात तारखेच्या आत टीडीएस, म्हणजे कापून घेतलेला कर, सरकारकडे भरणं हे माझं काम आहे, त्याला ताण नाही म्हणत.

बरं, खरं तेही सांगते. पहिल्या महिन्यात दोन चुका झाल्या माझ्या. केमोनं बोटं बधिर झालेली, नोटा मोजताना दोन-दोन एकदम जायच्या. आणि तीन महिने घरी होते तेव्हा पूर्ण पगार दिला त्यांनी, छोटी कंपनी आहे, नाही म्हणत नाही मी. पण आता बोटं बरी आहेत हो! परत कोणी विचारलंच नाही. 'लाइट वर्क' एकदा चिकटलं की चिकटलं, आणि इन्क्रिमेंटला तेच पुढे करतात, मॅडम आता जबाबदारी कमी आहे ना तुमच्याकडे. कमी कोणी केली??

सोडून दे नोकरी म्हणणारे तर घरातच आहेत. अगं बाई, मेडिक्लेम कंपनीचा आहे, नोकरी गेली की तो पण गेला, आणि मला आता सुखासुखी नवी पॉलिसी कोण देतंय? कॅन्सर परत येऊ नये म्हणून टॅमॉक्सिफेनची गोळी पाच वर्षं तरी आहे, चेकअप आहेत. म्हणून गप्प बसायचं आणि टिकमार्क करायचे. आमच्या हाउसकीपिंगच्या ताईंचा पगार २१ हजारांच्या आत, त्यांना निदान ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, तरी आहे, नियमात बसलं तर कॅन्सरसाठी दोन वर्षांपर्यंत पगाराचा मोठा हिस्सा मिळतो. आम्ही मधलेच. रजा संपली की बिनपगारी.

गंमत बघा, लोकलच्या अपंगांच्या डब्यात कॅन्सर पेशंटला चढता येतं. पण २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार दिलेत, त्यात कॅन्सर नाही. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढायचं नाही, पद खाली आणायचं नाही, हे त्याच कायद्यात आहे, तेही फक्त सरकारी नोकरीला. म्हणजे मी डब्यात बसते, कायद्यात बसत नाही.

आता जे झालं ते सांगते, ज्यासाठी लिहायला बसले. सत्कार संपल्यावर ऑडिटरला मागच्या वर्षीचं एक व्हाउचर हवं होतं. ज्युनिअर कपाट उघडून वीस मिनिटं नुसता फायली उपसत होता. शेवटी सर माझ्या टेबलापाशी आले, जरा ओशाळलेच होते. मी जागेवरून न उठता सांगितलं, तिसरा खण, निळी फाइल, मागून शोध. मिळालं. "थँक्यू मॅडम" म्हणाले आणि तो पोरगा कपाटाला कुलूप लावून किल्ली खिशात टाकून गेला. त्याच्यावर राग नाही माझा, गुणी आहे, मीच शिकवलाय.

शाल सासूबाईंना आवडली, त्यांनी घेतली. येत्या सात तारखेचं टीडीएसचं चलन मी भरते असं उद्या सरांना सांगायचंय, कसं ते अजून सुचत नाहीये. श्रीफळ फोडलं, चांगलं निघालं, वड्या करतेय. थोड्या त्या पोरासाठी पण नेईन.