सावधान कोणी व्हायचं?

काल सकाळी साडेनऊला मी शिडीच्या पाचव्या पायरीवर होतो. तोंडात दोन स्क्रू, काखेत ड्रिल मशीन. मशीनची वायर आमच्याच स्वयंपाकघराच्या खिडकीतून आलेली, कारण गल्लीत दुसरं कुणी वीज द्यायला तयार नव्हतं. एवढ्यात खालून आवाज आला, "'नागरिक' ऱ्हस्व असतो."

तोंडात स्क्रू होते म्हणून बरं. नाहीतर आज आमची बोलचाल बंद असती.

नाशिकच्या इंदिरानगरातल्या आमच्या रो-हाऊसच्या गल्लीत चोरांना दम देणाऱ्या पाट्या लावायचं ठरलं. ठरवलं बावीस जणांनी, लावायच्या मी. चूक माझीच. बैठकीला मी वाचून गेलो होतो. ब्रिटनमध्ये शेजाऱ्यांनी मिळून राखण करायची पहिली योजना १९८२ साली चेशायरमधल्या मॉलिंग्टन नावाच्या खेड्यात निघाली, आणि तिकडे अशा पाट्या गल्लोगल्ली दिसतात, असं मी ऐटीत सांगितलं. बैठकीला कधी वाचून जाऊ नये. ज्याला माहिती आहे त्याच्याकडे शिडीही असणार असं लोक धरून चालतात. आणि होतीही.

पाटीवर मजकूर असा: 'सावधान! हा परिसर जागरूक नागरीक व सीसीटीव्हीच्या निगराणीखाली आहे. संशयास्पद काही दिसल्यास ११२ वर कळवा.' दीड फूट बाय एक फूट, एसीपी शीट (ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा), एकूण सहा नग. विजेच्या खांबाला लावता येत नाही, कारण मालमत्ता विद्रूपणाचा १९९५ चा कायदा आहे. हा कायदा वाढदिवसाच्या फ्लेक्सना कुठे आडवा येत नाही, पण माझी दीड फुटी पाटी त्याला नक्की दिसली असती. म्हणून घरांच्या कंपाउंडच्या भिंती. त्यावर बावीसच्या बावीस जणांचं एकमत झालं: पाटी हवीच, समोरच्यांच्या भिंतीवर.

तर, खाली आबा उभे होते. आबा नाशिकरोडच्या नोटप्रेसमधून रिटायर झालेले. तिथे १९२८ पासून नोटा छापतात आणि आबांच्या बोलण्यावरून वाटतं की पहिल्या दिवसापासून तेच मशीनवर होते. चौतीस वर्षं रोज संध्याकाळी झडती देऊन घरी आलेला माणूस. त्यामुळे सुरक्षा या विषयावर गल्लीत शेवटचा शब्द त्यांचा. पहिलाही त्यांचाच, मधलेही.

"खाली उतर जरा."

"आबा, दोनच स्क्रू राहिलेत."

"म्हणूनच म्हणतो, आत्ताच उतर."

उतरलो. आबांनी खाली ठेवलेली दुसरी पाटी उचलली, उन्हात तिरपी धरली, एक डोळा मिटला. मग सावकाश तिच्यावरून अंगठा फिरवला. पुढून, मग मागून. मागे काही नव्हतं, तरी मागून जास्त वेळ.

"लाल सरकलाय."

"काय?"

"काळ्यावर लाल बसलेला नाही. हे बघ, 'सावधान'च्या काठाला पांढरी फट. आमच्याकडे असा कागद निघाला असता तर जागेवर रद्द."

"आबा, ही नोट नाहीये."

"म्हणूनच कोणी विश्वास ठेवणार नाही. किती छापल्यास?"

"सहा."

"नंबर टाकलेस?"

"कसले नंबर?"

आबांनी पाटी खाली ठेवली आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं मी सहा पोरं जन्माला घालून एकाचंही नाव ठेवलं नाही. "एकसारख्या सहा, आणि नंबर नाही! अरे, उद्या एक गेली तर कुठली गेली ते कसं कळणार तुला?"

यावर काय बोलणार? मी शिडीकडे वळलो, तर त्यांनी शिडी धरली. आधार द्यायला नाही, मला चढू न द्यायला.

"आणि हे 'सावधान' कोणाला? चोराला की मला?"

"दोघांना."

"परिसर निगराणीखाली आहे ना? मग मी कशाला सावध राहू? आणि चोराला सावध करून तुला काय मिळणार? तो नीट करेल चोरी." मग सबंध गल्लीला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात, "आणि सीसीटीव्ही कुठाय? सात नंबरवाल्यांचा एकच आहे ना? तो तर दिवाळीपासून बंद आहे!"

कोपऱ्यावर भंगारवाला उभा होता. भाजीची गाडी होती. आमच्यापैकी कुणाच्याच ओळखीचे नसलेले दोघे मोटारसायकलवर बसून फोन बघत होते. तिघांनीही मान वर केली.

(पाट्यांच्या बाबतीत पुणेकरांचा हेवा वाटतो, तो इथे. तिथे माणूस पाटी वाचून मुकाट्याने अपमान गिळतो आणि पुढे जातो. नाशिकमध्ये मिसळीची सोडून कुठली पाटी कोणी वाचत नाही, आणि वाचलीच तर लावणाऱ्याची परीक्षा घेतं.)

आबांचा आवाज ऐकून ओट्याओट्यावर माणसं उगवली. एकाने पाटी डावीकडून खाली आहे म्हणून सांगितलं, एकाने उजवीकडून. एकाने ड्रिलच्या आवाजाबद्दल तक्रार केली, जे तेव्हा बंद होतं.

खरं सांगायचं तर इथे माझं डोकं फिरलं. कारण महिन्यापूर्वी समोरच्या मावशींची पोत ओढली गेली, तेव्हा हेच ओटे होते. संध्याकाळचे साडेसहा, चांगला उजेड. दोघांनी पत्ता विचारला. मावशींनी नीट सांगितला, डावीकडून दुसरी गल्ली, पुढे मारुतीचं देऊळ. मग पोत गेली. अर्धी मुठीत राहिली, दोन वाट्या वाचल्या, मानेवर लाल वळ. मावशी ओरडल्या तेव्हा बाहेर निदान आठजण होते. गाडीचा नंबर एकानेही बघितला नाही. पोलिस ठाण्यात मावशींबरोबर रात्री अकरापर्यंत मी बसलो होतो. तिथे कळलं की नव्या न्यायसंहितेत हिसकावून नेण्याला वेगळं कलम आहे, ३०४, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. अंमलदार विचारत होते, "कोणी पाहिलं का?" आणि मी काय सांगणार होतो? गाडीचा नंबर आठजणांना दिसत नाही, पण वेलांटी दीर्घ झाली की बारा फुटांवरून दिसते!

हे मी शिडीवरून बोललो नाही. बोलायला हवं होतं. त्याऐवजी स्क्रू पिळत बसलो आणि भोकातली प्लास्टिकची गिट्टी आतल्या आत फिरली. ती पाटी अजूनही एका स्क्रूवर लटकते आहे, उजवीकडून खाली.

दुपारपर्यंत सहाही लागल्या. संध्याकाळी आबा काळा मार्कर घेऊन फिरले आणि प्रत्येक पाटीच्या खालच्या कोपऱ्यात सुबक अक्षरात क्रमांक घातले: इं ०००१ ते इं ०००६. 'नागरीक'मधली दीर्घ वेलांटीही सहा वेळा खोडली. आता मजकुरात सगळ्यात ठळक काय दिसत असेल, तर ती खाडाखोड.

आज सकाळी सहाला बेल वाजली. आबा.

"०००४ गेली."

मी डोळे चोळले.

"बघ. नंबर होता म्हणून कळलं."

सहा पाट्या सहा भिंतींवर होत्या, चौथी भिंत रिकामी दिसली असती तरी कळलं असतं, हे मी गिळलं. बनियनवरच त्यांच्यामागे गेलो. चौथ्या भिंतीच्या काकूंनी दार उघडलं आणि आमच्याआधीच म्हणाल्या, "अहो, मीच काढून ठेवलीये. रविवारी आमच्या मुलाला बघायला येताहेत. गल्लीत शिरताशिरता 'सावधान' दिसलं तर मुलीकडच्यांना काय वाटेल? सोमवारी लावून द्या ना परत. मी गॅलरीत वॉशिंग मशीनच्या मागे नीट ठेवलीये. आणि हे घ्या तुमचे स्क्रू."

कागदाची पुडी होती. आबांनी ती माझ्या हातातून घेतली, तळहातावर उलटी केली आणि मोजले. लावले होते चार. पुडीत तीन निघाले.