‘दुसरा कीबोर्ड टाकून बघ ना!’

यापुढे फोनवरच्या मराठी टायपिंगबद्दल मी कुरकुरले आणि मला कुणी ‘अगं, मग दुसरा कीबोर्ड टाकून बघ ना’ असं म्हणालं, तर मी त्या माणसाच्या घरी जाऊन स्वयंपाकघरातले सगळे डबे हलवून ठेवणार आहे. चहाच्या डब्यात मोहरी, मिठाच्या जागी साखर आणि मीठ वरच्या फळीवर, स्टुलावर चढल्याशिवाय हाताला लागणार नाही असं. मग वर सांगणार, वापरून बघा की, आठवड्याभरात सवय होईल.

गेल्या दोन वर्षांत मी फोनवर सहा कीबोर्ड टाकले आणि पाच काढले. सहावा टिकलाय तो आवडला म्हणून नाही, मी थकले म्हणून. आणि मी काही कालपरवा टायपिंग शिकलेली नाही. मराठी तीसची, म्हणजे मिनिटाला तीस शब्दांची, परीक्षा मी मशीनवर दिली आहे, ओळ संपली की घंटी वाजायची त्या मशीनवर. पुढे ऑफिसात कॉम्प्युटर आले तेव्हा इन्स्क्रिप्ट शिकले. महिनाभर रडले, पण त्यानंतर आजतागायत मला बटणांकडे बघावं लागलेलं नाही. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. ल च्याच बटणावर शिफ्ट दाबून ळ, र च्याच बटणावर शिफ्ट दाबून ऱ. ऐंशीच्या दशकात सरकारी खात्याने ठरवलेली मांडणी आहे ही. सरकारने ठरवलेली आणि तरी डोकं लावून केलेली, असा योग विरळा.

फोनवर त्या शहाणपणाची वाट लागते. मान्य आहे, काच एवढीशी, अक्षरं एवढी, काही ना काही कुठे तरी दडवावं लागणारच. पण प्रत्येकाने वेगळीकडे दडवायचं? एकाने ळ ल च्या पोटात ठेवलाय, दाबून धरा मग वर उगवतो. दुसऱ्याने शिफ्टच्या पानावर ठेवलाय. तिसऱ्याने चक्क क्ष आणि ज्ञ च्या शेजारी, आतल्या कप्प्यात. जणू दिवाळीच्या पणत्याच, वर्षातून एकदा काढायच्या! ळ शिवाय मराठी माणसाने एक दिवस बोलून दाखवावं. वेळ नाही, शाळा नाही, पोळी नाही, कंटाळासुद्धा नाही.

मी सकाळची फास्ट लोकल पकडते, डोंबिवलीहून. डावा हात वरच्या कडीला, खांद्याला पर्स, म्हणजे टाइप करायला उरतो तो उजवा अंगठा. एका मैत्रिणीला लिहायचं होतं, ‘सकाळी वेळ मिळाला नाही, संध्याकाळी कळवते.’ मोजा, पाच ळ. पाच वेळा दाबून धरायचं, ळ उगवेपर्यंत थांबायचं, मग सोडायचं. मुंब्र्याच्या आसपास गाडी हिसके देते. अंगठा लवकर सुटला की ळ चा ल होतो. गेला मेसेज तो असा: ‘सकाली वेल मिलाला नाही, संध्याकाली कलवते.’ तिचं उत्तर आलं, ‘बाळाने फोन घेतलाय का गं तुझा?’ माझ्या घरात बाळ नाही. माझं वय त्रेपन्न आहे.

पण ळ चं दुःख परवडलं. खरी शोभा झाली ती ऱ ने केली.

भावाच्या मुलीचा साखरपुडा होता. दोन्ही घरांचा मिळून ग्रुप काढलेला, त्यात मुलाकडचे एक काका, निवृत्त मुख्याध्यापक, शुद्धलेखनाला जरा जास्तच जपणारे. स्वयंपाकाचं माझ्याकडे होतं. मी लिहिलं, ‘आचाऱ्यांना पहाटे पाचला बोलावलंय. त्यांचे सहा जण आहेत, राहायची सोय लागेल.’ म्हणजे मला वाटलं, मी असं लिहिलं. पाच मिनिटांत काकांचा फोन. आवाज एकदम अदबीचा. ‘ताई, आचार्य कोण येणार आहेत? कुठल्या मठाचे? त्यांच्या पूजेचं वेगळं काही लागतं का? आणि शिष्यमंडळी सहाच ना?’ मला आधी कळेचना. मग मेसेज उघडून बघितला. ‘आचार्यांना पहाटे पाचला बोलावलंय.’

तरी माझ्या दादाने त्याखाली हसून हसून रडणारे चेहरे टाकले होतेच. साखरपुड्याच्या दिवशी आमच्या आचाऱ्याला, जो तोंडात तंबाखू धरून जिलब्या पाडत होता, सगळे येता-जाता ‘नमस्कार आचार्य’ म्हणत होते.

यात माझी चूक काय, ते सांगा. र टाकला, पाय मोडला, य टाकला. साधं जोडाक्षर. पण असं केलं की रफारवालाच र्य येतो. आपल्याला हवा असलेला आडव्या मिशीचा ऱ्य हवा असेल तर तो खाली टिंब असलेला ऱ शोधायचा, किंवा र चा पाय मोडून मध्ये एक अदृश्य अक्षर घालायचं. अदृश्य! जे दिसत नाही ते बटण मी शोधायचं! युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीच्या, तक्त्यात या ऱ पुढे टीप आहे की द्राविडी भाषांमधला र लिहायला हे अक्षर. म्हणजे आपल्या दुसऱ्या, तिसऱ्या, बऱ्या-वाईट आणि नवऱ्याचा कारभार दुसऱ्याच कामासाठी नोंदवलेल्या अक्षरावर चाललाय. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, हे दुसरीतल्या पोराला कळतं. कीबोर्डला कळत नाही, आणि वर तो ‘सुचवतो’.

‘मग इंग्रजी अक्षरांत लिही ना, तो आपोआप मराठी करतो.’ हे माझ्या भाच्याचं. त्याला वाटतं, आत्याला नवीन काही नको असतं. टाकला तोही. के-ए-एल लिहिलं तर कल, काल, कळ, काळ यातलं काय हवं ते मी रांगेतून निवडायचं. म्हणजे टाइप मी करायचं, तपासायचंही मीच, आणि आपोआप कुठे आहे ते यांनाच माहीत. एक दिवस साहेबांना रजेचा मेसेज टाकला, ‘उद्या डोळे तपासायला जायचंय.’ गेलं काय? ‘उद्या डोले तपासायला जायचंय.’ बायसेप दाखवायला रजा मागणारी ऑफिसातली मी पहिलीच असेन. आणि मराठी बंद करून नुसत्या इंग्रजीत ‘आई’ लिहायला गेलं, तर काही कीबोर्ड तिची एआय करून टाकतात. घ्या! आईच्या जागी कृत्रिम बुद्धिमत्ता.

हिंदीचं तर बोलायलाच नको. भाषा मराठी निवडली आहे, स्पेसबारवर ठसठशीत ‘मराठी’ लिहिलंय, आणि तरी ‘ना’ टाकलं की वर ‘नहीं’ येऊन बसतं. ‘आ’ टाकलं की ‘आप’, ‘आपका’. अरे, मी कुणाला आप म्हणतेय? घरच्या गड्याशी बोलतेय का लखनौच्या नवाबाशी? तीच देवनागरी म्हणजे तीच भाषा, असा यांचा समज. लिपी तीच म्हणून ल, श, झ, अ सगळं चालवून घ्यायचं, आणि ळ, ऱ, ॲ हे आमचे लाड. त्या ॲ ची आणखी एक गंमत. तो एका कीबोर्डवर एकसंध येतो, दुसऱ्यावर अ वर चंद्रकोर ठेवून बनवावा लागतो. दिसायला जवळपास सारखाच, आतून वेगळा. आमच्या ॲडव्होकेट काकांचा नंबर मी जुन्या कीबोर्डवरून सेव्ह केला होता. नव्यावरून शोधला तर म्हणे सापडत नाही. काका ठाण्यात आहेत, नंबर फोनमध्ये आहे, मी दारात कागद घेऊन उभी आहे, आणि फोन म्हणतो असा माणूसच नाही.

भारतीय मानक ब्युरोचं फोनसाठी एक मानक आहे, आयएस 16333. त्यानुसार फोनवर वाचता यायला हव्यात 22 भाषा, आणि लिहिता यायला हवं इंग्रजीत, हिंदीत आणि आणखी किमान एका भारतीय भाषेत. वाचा पुन्हा. ‘आणखी किमान एका.’ 2011 च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे 8 कोटी 30 लाख होते, ते त्या ‘आणखी किमान एका’च्या रांगेत. 3 ऑक्टोबर 2024 ला आपली भाषा अभिजात झाली. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्या दिवशी अभिनंदनाच्या मेसेजचा पूर आला, आणि त्यातल्या निम्म्यांत ‘मराठि’ची वेलांटी पहिली होती. लोकांना नावं ठेवत नाही मी. कीबोर्डने सुचवलं, त्यांनी दाबलं. उद्या तेच कीबोर्ड त्या लोकांकडून शिकणार आणि आणखी आठ जणांना तेच सुचवणार. माझा तर माझ्याकडूनच शिकतो. एकदा गाडीत घाईत ‘धन्यवद’ लिहिलं, तेव्हापासून मी गावभर धन्यवद वाटत फिरतेय. बरोबर शब्द शंभर वेळा लिहिला तो नाही लक्षात राहिला मेल्याच्या!

बरं, मग तो नटवा कीबोर्ड. त्याला मराठी बऱ्यापैकी येत होतं, खोटं कशाला बोलू. ळ समोर, ऱ समोर. पण अक्षरांच्या मागे धबधबा, वर सोन्याच्या दागिन्यांची जाहिरात, प्रत्येक बटणाला टुणकन आवाज, आणि ‘शुभ’ टाकलं की गणपती, गुलाब आणि नाचणारी बाहुली. त्याला माझे कॉन्टॅक्ट हवे होते, माइक हवा होता, मी कुठे आहे तेही हवं होतं. कशाला बाबा? मी ‘भाजी आण’ लिहिणार, त्यासाठी तुला माझा पत्ता कशाला?

कुठलाही बाहेरचा कीबोर्ड चालू करताना फोन स्वतः बजावतो की हा तुम्ही लिहिलेलं सगळं गोळा करू शकतो, पासवर्ड आणि कार्डाच्या नंबरासकट. आपण ‘ओके’ दाबतो, कारण ओके न दाबलं तर ळ मिळत नाही. ही नुसती भीती नाही. डिसेंबर 2017 मध्ये एआय डॉट टाइप नावाच्या कीबोर्डच्या 3 कोटी 10 लाख लोकांची माहिती उघड्यावर सापडली होती, साठवणीच्या जागेला साधा पासवर्डही नव्हता. 2024 मध्ये टोरांटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅब या संशोधन गटाने चिनी लिहायचे नऊ कंपन्यांचे कीबोर्ड तपासले, तर आठांत अशा फटी निघाल्या की लिहिलेलं वाटेत कुणी तरी वाचू शकेल. आणि ह्या नटव्याला मी माझ्या बँकेचा पिन दाखवायचा? बँकेच्या ॲपला त्याचा भरवसा नाही, ते स्वतःचे आकडे स्वतः उलटसुलट मांडून दाखवतं. बँकेला जे कळतं ते मला कळायला दोन महिने लागले, हा राग माझा माझ्यावर.

एक सज्जनही भेटला. फुकटचा, हौशी मंडळींनी मिळून केलेला, इंटरनेटची परवानगीच मागत नाही. जाहिरात नाही, धबधबा नाही. पण शब्द सुचवायच्या नावाने शुकशुकाट. ‘महाराष्ट्र’ पूर्ण हाताने लिहा, दोन पाय मोडून, आणि ‘ष्ट्र’पर्यंत पोचलात की तुमचं स्टेशन आलेलं असतं. त्यांना शिव्या घालायला जीभ रेटत नाही. पदरमोड करून काम करतात बिचारे. पण माझा अंगठा एकच आहे.

‘आत्या, मग बोल ना फोनला. लिहायचंच कशाला?’ हेही भाच्याचंच. बोलले. लेडीज डब्यात, सकाळी, तीन बायकांच्या कोपरांमध्ये, फोन तोंडाशी धरून: ‘दादा, पैसे पाठवले आहेत पूर्णविराम बाकीचे सोमवारी देते पूर्णविराम.’ त्याने ‘पूर्णविराम’ हा शब्दच लिहिला. दोनदा. शेजारच्या बाईने विचारलं, ‘किती बाकी आहेत हो?’ डोंबल माझं!

आयआयटी मुंबईच्या लोकांचा स्वरचक्र मात्र काही काळ मनापासून वापरला होता. व्यंजन दाबलं की त्याच्याभोवती बाराखडीचं चक्र उघडायचं, क च्या भोवती का कि की कु कू. बालवाडीत पाटीवर गिरवल्यासारखं वाटायचं. इंग्रजीची बटणं पुसून त्यावर देवनागरी चिकटवण्याआधी कुणी तरी ही भाषा हाताने कशी लिहितात याचा विचार केलेला दिसत होता. मग फोन बदलला, नव्यावर जो होता तो वापरत गेले, आणि ती सवय मोडली.

आणि हो, तो पृथ्वीचा गोळा! भाषा बदलायचा. स्पेसबारला खेटून बसवलाय. स्पेसला जाताना अंगठा जरा डावीकडे पडला की मराठीची इंग्रजी, पुन्हा पडला की इंग्रजीची हिंदी. बंद करायची सोय सेटिंगमध्ये आहे म्हणे, चार पानं आत. मी शोधली, सापडली, बंद केली. भाच्याला अभिमानाने सांगितलंही.

काल रात्री चार्जिंगला लावून झोपले तेव्हा फोनने आपणहून काही तरी अपडेट केलं. सकाळी गाडीत उघडते तर गोळा परत आलेला. आणि मी इतके महिने जिथे दाबून धरायला शिकले होते, त्या ल च्या पोटातून आता ळ उगवत नाही. टाळ्या वाजवणारे दोन पिवळे हात उगवतात.