‘ड्यूटी चुकवायला शिकवता’ म्हणणाऱ्या सुभेदार साहेबांना

राम राम साहेब.

तुमची प्रतिक्रिया वाचून आधी राग आला, म्हणून दोन दिवस जाऊ दिले. ज्यांनी मागची पोस्ट वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ज्या जवानाच्या मेडिकल बोर्डाच्या, म्हणजे लष्करी डॉक्टरांच्या समितीच्या, चकरा चालू आहेत त्यानं कॅटेगरी शीटवर (दुखण्यामुळे कोणतं काम मना आहे ते लिहिलेला कागद) लिहिलंय तेवढंच काम करावं, आणि त्यापलीकडचं कुणी सांगितलं तर अदबीनं कागद दाखवावा, असं मी लिहिलं होतं. त्यावर साहेबांनी लिहिलं: "तुम्ही पोरांना ड्यूटी चुकवायला शिकवता. लो मेडिकलवाल्यांची (दुखण्यामुळे खालची कॅटेगरी लागलेल्यांची) गार्ड ड्यूटी फिट पोरांच्या माथी येते. कार्डोझो साहेबांनी (1971 च्या युद्धातले लष्करी अधिकारी) पाय गमावून बटालियन चालवली. नसेल जमत तर घरी जावं, पेन्शनसाठी लंगडू नये."

गार्ड ड्यूटीचं तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. दोन तास ड्यूटी आणि चार तास आराम हे कागदावर. कंपनीत पाच-सहा जण लो मेडिकल असले की दोनावर दोन होतं, आणि मग पहाटे तीनला उठणारा पोरगा कुणाला शिव्या देतो ते मी ऐकलंय. त्या शिव्या मीही खाल्ल्यात. पण साहेब, हिशेब बघा. बोर्डाची वाट बघणारा माणूस युनिटच्या नफरीत, म्हणजे हजर माणसांच्या संख्येत, मोजला जातो. नफरी पूर्ण दिसते, म्हणून त्याच्या जागी दुसरा येत नाही. बोर्ड लांबलं की सगळी ओढाताण कंपनीत होते. दोष त्या मोजणीत आहे, आणि भांडतात मात्र एकाच बराकीतले दोघे.

आता माझं. कमरेचं दुखणं मला लढाईत झालेलं नाही, सांगायला लाज वाटेल असं झालंय. थ्री-टन ट्रकमधून रेशन उतरवताना पन्नास किलोची पिठाची गोणी खांद्यावर होती, फळीवर दव पडलेलं, पाय सटकला. गोणी सोडली नाही, हा मूर्खपणा. कमरेत ओल्या काठीसारखं काहीतरी कटकन वाजलं. पुढच्या आठवड्यात इन्स्पेक्शन होतं. आमचे सीएचएम, म्हणजे कंपनीचे हवालदार मेजर, म्हणाले, "बाम लाव, इन्स्पेक्शन निघू दे, मग एमआय रूमला जा." एमआय रूम म्हणजे युनिटचा दवाखाना. मी बाम लावला. इन्स्पेक्शनच्या परेडला उभाही राहिलो आणि वर शाबासकी मिळाली. डाव्या पायाला मुंग्या यायला लागल्या तेव्हा तीन महिने उलटले होते. एमआरआय झाला, कॅटेगरी लागली. पण इंज्युरी रिपोर्ट, म्हणजे इजा कशी झाली त्याची नोंद, कुणी भरला नव्हता, कारण कागदोपत्री त्या दिवशी मला काही झालंच नव्हतं.

तुमच्या भाषेत मी त्या तीन महिन्यांत ड्यूटी चुकवली नाही. त्याचं फळ असं की शेवटच्या बोर्डाच्या कागदावर ‘नाना’ आलं. आपल्या घरात नाना म्हणजे वडीलधारं माणूस. बोर्डाच्या भाषेत त्याचा अर्थ, हे दुखणं सेवेमुळे झालेलं नाही आणि सेवेमुळे वाढलेलंही नाही, म्हणजे अपंगत्वाची पेन्शन नाही. मग ती गोणी मी सुट्टीत गावच्या गिरणीवर उचलली होती का? फटिग पार्टीच्या (ओझी उचलणं, साफसफाई अशा कामांच्या टोळीच्या) यादीत माझं नाव होतं, म्हणून एका जोडीदाराला वही शोधायला लावली. तोवर जुन्या वह्या रीतसर जाळून झाल्या होत्या.

2013 साली सर्वोच्च न्यायालयानं धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सांगितलं, की भरतीच्या वेळी माणूस तंदुरुस्त म्हणून घेतला आणि तेव्हा आजाराची नोंद नाही, तर नंतरचं दुखणं सेवेमुळे आलं असं गृहीत धरायचं; नाही म्हणायचं तर कारण बोर्डानं द्यायचं. त्याच आधारावर लष्करी ट्रिब्युनलमध्ये मला न्याय मिळाला. तीस टक्के अपंगत्व धरलं होतं, ते टक्का वरच्या टप्प्यावर नेण्याबद्दलच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालाप्रमाणे पन्नास धरलं गेलं. त्याला साडेतीन वर्षं लागली. आणि आजच्या पोरांनी या निकालांवर विसंबून राहू नये. 21 सप्टेंबर 2023 नंतर बाहेर पडणाऱ्यांना नवे नियम लागू आहेत, आता कागद पहिल्या दिवसापासून पक्का हवा.

कार्डोझो साहेबांबद्दल माझ्याही मनात तुमच्याइतकाच आदर आहे. 1971 च्या युद्धात सुरुंगावर पाय पडला आणि त्यांनी खुकरीनं स्वतःचाच पाय कापला, ही गोष्ट आम्हालाही ट्रेनिंगमध्ये सांगत. पण पुढचं कुणी सांगत नाही. लाकडी पाय लावून ते गुपचूप परेडला उभे राहिले नाहीत. आपण फिट आहोत हे त्यांनी चाचण्या देऊन दाखवलं आणि वरपर्यंत मंजुरी मिळवली, तेव्हा बटालियन मिळाली. म्हणजे त्यांनीही कागद दाखवूनच काम केलं. माझं म्हणणं तरी दुसरं काय आहे?

"घरी जावं" म्हणालात. ते जवानाच्या हातात नसतं, आणि सीओ साहेबांच्याही (युनिटच्या प्रमुखाच्याही) एकट्याच्या हातात नसतं. पर्मनंट लो मेडिकल आहे म्हणून इनव्हॅलिडिंग बोर्ड (सेवेला अपात्र ठरवणारं मेडिकल बोर्ड) न बसवता परस्पर डिस्चार्ज देणं चुकीचं, हे 2008 मध्येच सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय. बोर्ड बसेपर्यंत माणूस युनिटमध्येच राहणार. प्रश्न इतकाच, की राहून करणार काय?

मी टेलिफोन एक्सचेंज मागून घेतलं. माझ्या शीटवर वजन उचलणं, पळणं आणि जास्त वेळ उभं राहणं मना होतं. बसणं आणि जागणं मना नव्हतं. सलग रात्रपाळी केली. एक्सचेंजवरचा फिट पोरगा सुटला, तो गार्डला गेला आणि दोनावर दोनचं पुन्हा दोनावर चार झालं. मागच्या पोस्टमध्ये हे लिहायला हवं होतं, ते राहिलं. इथं तुमचा टोमणा मला लागू पडतो. कागद दाखवून बराकीत लोळणारेही मी पाहिलेत. त्यांच्यामुळेच खऱ्या दुखण्यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

पेन्शनसाठी लंगडण्याबद्दल एकच. वीस टक्क्यांच्या खाली बसलं की अपंगत्वाचा हिस्सा मिळत नाही, आणि तो टक्का डॉक्टर ठरवतात. बोर्डासमोर नाटक टिकत नाही असं मी म्हणणार नाही, एक-दोन टिकलेली मलाही माहीत आहेत.

शेवटी तुम्ही लिहिलंत की तुमचा पुतण्या टेम्पररी कॅटेगरीत आहे आणि पुढच्या महिन्यात त्याचा रिव्ह्यू आहे. त्याला सांगा, इंज्युरी रिपोर्टची झेरॉक्स स्वतःजवळ आणि एक घरी ठेवायची. एमआरआयची फिल्म गुंडाळून नेऊ नको म्हणावं, पुठ्ठ्यात सपाट ठेवून ने. माझी ट्रंकेत दुमडली होती, नेमकी चौथ्या-पाचव्या मणक्यावर घडी पडली, आणि बोर्डातले डॉक्टर बराच वेळ त्या घडीकडेच बघत होते.