‘चेसेद’चा फॉरवर्ड आणि रूथची जाऊ

‘हिब्रू शब्द चेसेद : हा कळला तर संसार मोडणार नाही’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. असले मजकूर रोज येतात, आपण अंगठ्याने वर सरकवतो. पण हा घरच्या ग्रुपवर आला आणि मावशीने त्याखाली ‘लेकीसुनांनी जरूर वाचा’ असं लिहिलं. ज्या सुनेसाठी ते होतं ती सध्या माहेरी आहे, आणि का आहे हे ग्रुपवर सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा गप्प बसण्यात अर्थ नाही.

मजकुराचं म्हणणं असं. चेसेद म्हणजे विनाअट प्रेम, जे काही झालं तरी थांबत नाही. त्याचं मूळ ‘आईचं गर्भाशय’ या शब्दात आहे. पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, तो बरोबर २४८ वेळा येतो आणि माणसाच्या शरीरातले अवयवही २४८. जुन्या करारात देवाचा राग आहे, चेसेद खरं उघड होतं ते नव्या करारात. आणि शेवटी, रूथने सासू सोडली नाही म्हणून ती चेसेदचा नमुना, तर तिची जाऊ अर्पा माहेरी गेली म्हणून तिने चेसेद मोडलं. ‘तुम्ही रूथ की अर्पा?’ असा प्रश्न विचारून, पुढे अकरा जणांना पाठवा.

आधी उच्चार, कारण लिहिणाऱ्याने मूळ कधी उघडून पाहिलेलं नाही हे तिथेच कळतं. शब्दात ‘च’ नाहीच. पहिलं अक्षर ‘हेत’, म्हणजे घसा खरवडून निघणारा ह. इंग्रजीत तो दाखवायला ‘सीएच’ लिहितात, आणि तिथून कुणीतरी मराठीत ‘चेसेद’ करून टाकलं. शब्द हेसेद.

गर्भाशयाचं म्हणाल तर ती सरळ गल्लत आहे. गर्भाशय म्हणजे ‘रेहेम’, आणि त्याच्याशी नातं असलेला शब्द ‘रहामीम’, म्हणजे कळवळा. होशेय या संदेष्ट्याच्या पुस्तकात दुसऱ्या अध्यायात हेसेद आणि रहामीम शेजारी शेजारी येतात, त्यामुळे वाचणाऱ्याने एकाचं मूळ दुसऱ्याला चिकटवलं असावं. हेसेदच्या कुटुंबातले खरे शब्द ‘हासीद’, म्हणजे हेसेद करणारा माणूस, आणि ‘हसीदा’, म्हणजे करकोचा. बायबलातल्या लेवीय या पुस्तकात (११:१९) तो निषिद्ध पक्ष्यांच्या यादीत आहे. राशी या मध्ययुगीन यहुदी भाष्यकाराने तिथे तालमूदचा, म्हणजे यहुदी धर्मचर्चेच्या जुन्या ग्रंथाचा, आधार देऊन लिहिलंय की हा पक्षी आपल्या सोबत्यांना खाण्यात वाटा देतो म्हणून त्याचं हे नाव. गंमत अशी की एवढा प्रेमळ पक्षी अशुद्धांच्या रांगेत बसलाय. शब्दाच्या मुळावर प्रवचन उभारणाऱ्यांनी त्याचंही काहीतरी करून दाखवावं.

२४८ चा आकडा कुठून आला हे कळतं. शरीरात २४८ अवयव ही मिश्ना या यहुदी नियमसंग्रहातली जुनी मोजणी आहे. हेसेदची संख्या मात्र मोजणाऱ्यागणिक २४५ ते २४९ च्या दरम्यान सरकते. एक कारण असं की तशीच अक्षरं असलेला दुसरा शब्दही शास्त्रात आहे. लेवीय २०:१७ मध्ये भावाबहिणीच्या शरीरसंबंधाबद्दल ‘हेसेद हू’ म्हटलंय. तिथे अर्थ ‘ही लाजिरवाणी गोष्ट आहे’ असा होतो. नीतिसूत्रे १४:३४ मध्येही तसंच. त्यांना धरायचं की सोडायचं यावर बेरीज बदलते. ‘जिथे जिथे हा शब्द तिथे तिथे प्रेम’ म्हणणाऱ्याने लेवीय विसावा अध्याय उघडून बघावा.

जुन्या करारात राग आणि नव्यात प्रेम, यावर फार शब्द घालवत नाही. शब्दच जुन्या कराराचा आहे. त्याचे निम्म्याहून अधिक उल्लेख एकट्या स्तोत्रांत आहेत. १३६ व्या स्तोत्रात २६ वचनं आहेत आणि प्रत्येकाच्या शेवटी ‘की लेओलाम हस्दो’, म्हणजे आपण म्हणतो ते ‘त्याची दया सनातन आहे’. यहुदी घरांत वल्हांडण सणाच्या जेवणानंतर हे स्तोत्र म्हणतात. १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासह छापलेली बेने इस्राएलींची, म्हणजे आपल्याकडच्या मराठी बोलणाऱ्या यहुद्यांची, हागादा (त्या जेवणाच्या वेळी वाचायची पोथी) आहे, म्हणजे आपल्याच भाषेत ते ऐकणारी माणसं इथे शेजारी होती. नव्या करारात येशू ‘मला दया पाहिजे, यज्ञ नको’ म्हणतो तेव्हा तो होशेय ६:६ सांगत असतो, आणि तिथला हिब्रू शब्द हेसेदच आहे.

आता ‘विनाअट’. इथे थोडं मान्य करावं लागेल. या शब्दाला कोणत्याही भाषेत एकच नेमका शब्द सापडत नाही हे खरं आहे. जुन्या ग्रीक भाषांतरात ‘एलेओस’ आहे, लॅटिनमध्ये ‘मिसेरिकोर्दिया’, आणि इंग्रजीत १५३५ साली कव्हरडेल या बायबल भाषांतरकाराने प्रेम आणि ममता मिळून एक जोडशब्दच वापरला. आपल्या पवित्र शास्त्रात १३६ व्या स्तोत्रात ‘दया’ आहे, तर ५१ व्याच्या सुरुवातीला ‘वात्सल्य’. दावीद राजाच्या घराण्याला २ शमुवेल ७:१५ मध्ये वचन मिळतं की माझं हेसेद तुझ्या पुत्रापासून दूर होणार नाही, तेही खरं. पण त्याच वचनाचा उरलेला अर्धा भाग वाचा : ‘जसं शौलापासून (दावीदाआधीच्या राजापासून) काढून घेतलं तसं’. म्हणजे काढून घेता येतं. यिर्मया १६:५ मध्ये देव म्हणतो, या लोकांपासून मी माझी शांती काढून घेतली आहे, हेसेद आणि रहामीमसुद्धा. ‘अनुवाद’ या पुस्तकात (७:९) हेसेद हजार पिढ्यांपर्यंत राखलं जातं, पण देवावर प्रेम करून आज्ञा पाळणाऱ्यांसाठी. कुठे अट आहे, कुठे नाही. ‘काही झालं तरी थांबत नाही’ हा नियम मजकूर लिहिणाऱ्याने स्वतःच्या सोयीने बनवलाय.

त्याहून मोठी चूक ‘प्रेम’ या शब्दात आहे. प्रेमाला हिब्रूत ‘अहवा’ आहे. कथांमध्ये हेसेद बहुधा ‘केलं’ जातं : क्रियापद ‘आसा’, म्हणजे करणे, आणि पुढे ‘इम’, म्हणजे कुणाशी. आपल्याकडे ‘नात्याला जागणं’, ‘मिठाला जागणं’ म्हणतात ना, त्याच्या जवळचं काहीतरी. जागणं मनात होत नाही, हाताने होतं. बाबेली तालमूदातल्या सुक्का ग्रंथात (४९ब) हेसेदची कामं दानापेक्षा मोठी का, याची तीन कारणं दिली आहेत. दान पैशाने होतं, हेसेद पैशाने आणि अंगमेहनतीनेही. दान गरिबाला, हेसेद गरीब-श्रीमंत दोघांना. दान जिवंत माणसाला, हेसेद जिवंतांना आणि मेलेल्यांनाही. म्हणून प्रेताला अंघोळ घालून पुरण्याच्या कामाला यहुदी लोक ‘हेसेद शेल एमेत’ म्हणतात. तिथे परतफेडीची आशाच नसते.

हे काम कोण कुणासाठी करतो, यावर १९७८ साली कॅथरीन डूब साकेनफेल्ड यांनी हिब्रू शास्त्रातल्या या शब्दाचे सगळे वापर तपासून अभ्यास प्रसिद्ध केला. माणसामाणसांतल्या प्रसंगांबद्दल त्यांचं निरीक्षण असं : हेसेद करणारा त्या प्रसंगात वरचढ असतो, त्याच्या हातात काहीतरी असतं. समोरच्याची गरज जीवनमरणाची किंवा तशीच मोठी असते आणि दुसरीकडून मदत मिळण्यासारखी नसते. आणि करणारा न करायलाही मोकळा असतो. नात्यामुळे त्याच्यावर जबाबदारी येते, पण त्याला भाग पाडता येत नाही. कारागृहातला योसेफ राजाच्या प्यालेबरदाराला म्हणतो, तुझं भलं होईल तेव्हा माझ्याशी हेसेद कर (उत्पत्ति ४०:१४). प्यालेबरदार सुटतो आणि विसरून जातो. त्याला जाब विचारणारा कुणी नाही.

दावीद आणि योनाथानाच्या कथेत तर हे आरशासारखं दिसतं. १ शमुवेल २० मध्ये योनाथान शौलाचा मुलगा, म्हणजे राजपुत्र, आणि दावीद पळून चाललेला, तेव्हा हेसेद मागतो दावीद. पण त्याच अध्यायात योनाथान पुढचं ओळखून म्हणतो, माझ्या घराण्यावरचं तुझं हेसेद तोडू नकोस. पुढे पारडं फिरतं. २ शमुवेल ९ मध्ये दावीद राजा आहे आणि विचारतो, शौलाच्या घराण्यात कुणी उरलंय का, ज्याच्याशी मी हेसेद करू? योनाथानाचा मुलगा मफीबोशेथ सापडतो, दोन्ही पायांनी लंगडा. मग हेसेद म्हणजे काय काय, ते मोजून दिलंय : आजोबाची सगळी जमीन परत, ती कसायला शौलाचा चाकर सीबा, त्याचे १५ मुलगे आणि २० चाकर, आणि स्वतः मफीबोशेथला रोज राजाच्या पंगतीला जागा. भावनेबद्दल एक ओळ नाही. जमीन, राबणारी माणसं आणि ताट.

आता रूथचं पुस्तक. मजकुराचं सगळं विष इथे आहे.

या पुस्तकात हेसेद तीनदा येतं : १:८, २:२० आणि ३:१०. पहिल्याच वेळी सासू नामी दोन्ही सुनांशी बोलते आहे. तिघीही विधवा, मवाबातून बेथलेहेमच्या वाटेवर. ती म्हणते, ‘लेख्ना शोव्ना इश्शा लेबेत इम्माह’ : जा, दोघी आपापल्या आईच्या घरी परत जा. आणि लगेच : तुम्ही मेलेल्यांशी आणि माझ्याशी जसं हेसेद केलंत, तसं परमेश्वर तुमच्याशी करो.

‘बेत इम्मा’, आईचं घर. आपला ‘माहेर’ हा शब्दही ‘मातृगृह’वरून आला आहे. म्हणजे शास्त्रात हेसेद आणि माहेर एकाच वचनात आहेत, आणि सासूच सुनेला माहेरी पाठवते आहे. क्रियापद अनेकवचनी : ‘तुम्ही केलंत’. त्यात अर्पाही आली. तिने हेसेद केलं, पुरेसं केलं, याची पावती सासूने तिच्या तोंडावर दिली. अर्पा परत गेली ती नामीचं ऐकून. नामीने आठव्या, अकराव्या आणि बाराव्या वचनात मिळून तीनदा ‘परत जा’ म्हटलं. रूथने ऐकलं नाही. पंधराव्यात नामी चौथ्यांदा फक्त रूथला सांगते, तुझी जाऊ गेली, तूही जा.

रूथचं राहणं हेसेद नव्हतं असं मी म्हणत नाही. ३:१० मध्ये बवाज, ज्याच्या शेतात ती सरवा वेचते तो, तिला म्हणतो, तुझं हे हेसेद पहिल्यापेक्षाही मोठं, आणि ‘पहिलं’ म्हणजे सासूबरोबर येणं असाच अर्थ बहुतेक जण लावतात. पण प्रसंग बघा. नवरा मेलेला. त्या घरात मारणारं, उपाशी ठेवणारं, पैसे मागणारं कुणी नाही. आहे एक म्हातारी, मुलं गमावलेली. त्या दोघींत अंगात ताकद रूथच्या आहे. ती शेतात सरवा वेचते आणि दिवसाअखेर एक एफा, म्हणजे सुमारे वीस-बावीस लिटर, जव झोडपून घरी नेते. जिच्या हातात आहे ती जिच्या हातात नाही तिला देते आहे. आणि कुणी भाग पाडलेलं नाही, उलट चारदा जा म्हटलंय. साकेनफेल्ड यांनी सांगितलेल्या तिन्ही खुणा इथे जुळतात.

हेच वचन घेऊन एखाद्या सुनेला सांगायचं की ज्यांच्या हातात तुझं खाणं, तुझा फोन आणि घराची किल्ली आहे, त्यांच्याशी तू हेसेद कर, म्हणजे मफीबोशेथने दावीदाला जमीन द्यावी असं सांगणं झालं. त्या घरात हेसेद कुणाकडून यायला हवं, हे साकेनफेल्ड वाचून ठरवावं लागत नाही.

एका वचनाचा आधार कुणी पुढे करेल म्हणून तेही सांगतो. उत्पत्ति २०:१३ मध्ये अब्राहाम म्हणतो की त्याने बायको सारेला सांगितलं होतं, हेच तुझं माझ्याशी हेसेद की जिथे जाऊ तिथे मला भाऊ म्हण. बायकोने नवऱ्यासाठी सोसावं याचा दाखला म्हणून ते वापरतात. पण हे वाक्य बोलतो कोण, आणि कधी? सारा परक्या राजाच्या वाड्यात पोचल्यानंतर, ‘करू नये ते तू माझ्याशी केलंस’ असं त्या राजाने, अबीमलेखने, खडसावल्यावर, सारवासारव करणारा अब्राहाम. त्याच्या मते त्याचा जीव तिच्या शब्दावर होता. वरचढ तीच. आणि सारेला सोडवायला त्याआधीच देवाला अबीमलेखच्या स्वप्नात यावं लागलं होतं.

अर्पाबद्दल वाईट बोलणारं साहित्य आहे, नाही असं नाही. नंतरच्या यहुदी कथांनी तिच्या नावात ‘ओरेफ’, म्हणजे मान, शोधली आणि तिने सासूला पाठ दाखवली असं म्हटलं. दावीदाने मारलेल्या धिप्पाड योद्ध्याला, गल्याथलाही तिच्याच वंशात बसवलं. ते शास्त्रात नाही. शास्त्रात १:१४ मध्ये दोघी पुन्हा मोठ्याने रडतात, अर्पा सासूचा मुका घेते, आणि गोष्ट रूथबरोबर पुढे जाते. तिच्यावर एका शब्दाचाही ठपका नाही.

मावशी, तुमच्याच पवित्र शास्त्रात रूथ १:८ उघडा. हिब्रू बघायचं असेल तर स्ट्राँगच्या कोशात हेसेदचा क्रमांक २६१७. बघून झालं की ग्रुपवर टाकलेला तो मजकूर काढून टाका, म्हणजे ती फोन उघडेल तेव्हा तिला तो दिसणार नाही.