फर्स्ट लुक आलाय, मला जरा पाणी द्या

आवडत्या कार्टूनची लाइव्ह-ॲक्शन, म्हणजे खऱ्या नटांना घेऊन केलेली, सिरीज येणार म्हटलं की आधी मला मनापासून आनंद होतो, अगदी चार जणांना मेसेज करून कळवण्याइतका. हा आनंद फर्स्ट लुक येईपर्यंत टिकतो. मग एक फोटो येतो. त्यात तीन-चार देखणी पोरं ओळीने उभी, जगभर वणवण फिरणारी ही मंडळी पण कपड्याला एक सुरकुती नाही, तलवारीवर एक ओरखडा नाही, आणि डोक्यावर केस. त्या केसांकडे बघून मी पाणी पिते आणि मनाला समजावते की अगं फोटो आहे, फोटोत दिसतं असंच, हलायला लागले की छान दिसतील. मग ट्रेलर येतो आणि ते केस हलायला लागतात.

केसांचं दुखणं जरा समजून घ्या. कार्टूनमध्ये हिरोचे केस सरळ आभाळाकडे गेलेले असतात, पिवळेधमक नाहीतर निळे, आणि आयुष्यात कधी कुणाच्या मनात आलं नाही की हा डोक्याला लावतो काय. कारण केसांखालचा चेहराही तेवढाच खोटा असतो, डोळे अर्ध्या तोंडाएवढे आणि नाक म्हणजे एक बारीकशी रेघ. सगळं एकाच मापाने खोटं असलं की ते खरं वाटतं, त्यात काही खटकत नाही. लाइव्ह-ॲक्शनमध्ये काय करतात, तर वरचे केस तेवढे कार्टूनचे आणि खाली एक जिताजागता माणूस, त्याच्या त्वचेची छिद्रं दिसतायत, त्याला घाम येतोय, आणि तो अतिशय दुःखी चेहऱ्याने आपल्या मेलेल्या गुरूंबद्दल बोलतोय. माझं लक्ष कुठे असणार सांगा? कपाळावर विग जिथे चिकटवलाय त्या रेघेवर. गुरू गेले बिचारे, पण रेघ दिसतेय.

आणि नुसते केसच नाहीत हो, सगळंच तसं आहे. डेथ नोट नावाच्या ॲनिमेमध्ये, म्हणजे जपानी कार्टूनमध्ये, एक पोरगं अभ्यासाच्या टेबलाशी बसून एका हाताने वेफर खातं आणि गुपचूप वहीत नावं लिहितं, ज्याचं नाव लिहिलं तो मेला. बस, एवढंच. पण तिथे ते वेफर उचलणं म्हणजे महायुद्ध, मागे कोरस काय, लाल-निळे झालेले केस काय, पेनचे फराटे काय, आणि आपण श्वास रोखून बघतोय की आता तो खाणार, खाणार, खाल्लं! हेच खऱ्या नटाला करायला सांगितलं तर त्याचे आईवडील काळजीत पडतील. चित्राला अतिशयोक्ती शोभते, तो त्याचा स्वभावच आहे. शिवाय चित्रात कमी दाखवून भागतं. सेकंदाला २४ फ्रेम असल्या तरी एकेक चित्र दोन-दोन तीन-तीन फ्रेम तसंच धरून ठेवतात, बोलताना कधी फक्त ओठ हलतात आणि बाकी सगळं जागच्या जागी, आणि मधलं जे नसतं ते आपण आपल्या डोक्यात भरतो, फुकट, वर्षानुवर्षं. म्हणजे अर्धं काम मी केलेलं असतं. आता कुणीतरी येऊन माझ्या वाटणीचं कामसुद्धा कॉम्प्युटरवर करून दाखवणार, आणि ते माझ्यापेक्षा वाईट करणार, मग मी चिडू नको तर काय करू.

२०१० सालचा द लास्ट एअरबेंडर हा सिनेमा या बाबतीत आम्हा फॅन लोकांचं कुलदैवत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, २००५ ते २००८ मध्ये आलेली अवतार नावाची ॲनिमेटेड सिरीज, ६१ एपिसोड, पाणी-माती-आग-वारा हाताच्या इशाऱ्यावर नाचवणारी माणसं, आणि मूळ गंमत अशी की हिरो आंगने एक पाय आपटला की धडाम करून वाऱ्याचा लोट. पहिल्या सीझनचे २० एपिसोड त्यांनी पावणेदोन तासांच्या आत कोंबले. ते एक वेळ सोडा. पण त्यात एक सीन आहे, पाच-सहा मातीवाले धिप्पाड लोक ओळीने उभे राहून पाय आपटतात, हात फिरवतात, वळतात, परत आपटतात, चांगला कार्यक्रम होतो, आणि एवढं सगळं झाल्यावर एक दगड, मध्यम आकाराचा, हळूहळू तरंगत इकडून तिकडे जातो. त्यांच्यातल्या एकाने तो उचलून फेकला असता तर लवकर पोचला असता.

आणि याच्यापेक्षा भारी म्हणजे कैदेचा प्रकार. कार्टूनमध्ये या मातीवाल्यांना भर समुद्रात लोखंडी तुरुंगात ठेवलेलं असतं, का, तर आसपास चिमूटभर माती नको. लहान मुलालाही पटेल असं डोकं लावलेलं आहे. सिनेमात त्यांना कुठे ठेवलं? जमिनीवर. उघड्या मैदानात. चहूबाजूंनी माती, दगड, डोंगर, आणि हे लोक खाली मान घालून बसलेत. शेवटी बारा वर्षांचा आंग येऊन त्यांना आठवण करून देतो की अहो, तुमच्या पायाखाली माती आहे. या सिनेमाला त्या वर्षीच्या सगळ्यात वाईट चित्रपटाचं ‘रॅझी’ पारितोषिक मिळालं. त्यात आंगचा उच्चार ‘ऑंग’ करतात, पण ते मी सांगत बसत नाही, डॉक्टरांनी चिडायला मना केलंय.

हे सगळं एकटीने बघितलं तर सोसवतं. खरी परीक्षा शेजारी कुणी बसलं की. माझ्या नवऱ्याने ओरिजिनल बघितलेलं नाही. लग्न झाल्यापासून मी मागे लागलेय की बघ रे, ते नुसतं लहान मुलांचं नाहीये, आणि तो ‘बघू गं निवांत’ म्हणून सटकतो. पण २०२४ मध्ये त्याच अवतारची नेटफ्लिक्सवर लाइव्ह-ॲक्शन सिरीज आली तेव्हा हा स्वतःहून येऊन बसला, कारण खरी माणसं दिसतायत म्हणजे मोठ्यांचं असणार असा त्याचा हिशोब. आंग शंभर वर्षं बर्फात गोठून मग जागा होतो, आणि इथे सुरुवातीलाच त्याच्या लोकांचा शंभर वर्षांपूर्वीचा संहार दाखवून मोकळे. जुन्या सिरीजमध्ये आंगला तिसऱ्या एपिसोडमध्ये गुरूंचा सांगाडा सापडतो, तोपर्यंत तो हसतोय खेळतोय, त्याला वाटतंय घरी कुणीतरी असेल, आणि आपल्याला आतून कळलेलं असतं की कुणी नसणार, पण आपण काही बोलू शकत नाही. ते तीन एपिसोडचं न बोलणं हीच तर सगळी मजा होती. इथे काहीच लपवलेलं नाही, वर गोष्टीतल्या एका आजीबाईंनी उभ्या उभ्या सगळी पार्श्वभूमी तोंडपाठ म्हणून दाखवली. नवरा म्हणाला, ‘सोपं आहे की, लगेच कळलं.’

मी म्हटलं, ‘लगेच कळायचं नसतं रे ते!’

‘मग कधी कळायचं असतं?’

याला काय उत्तर देणार. तो शांतपणे सगळा एपिसोड बघून उठला आणि म्हणाला, ‘ठीक आहे की, बरं आहे. पण याच्यासाठी तू एवढी रडायचीस?’

हा घाव आहे बघा. विग वगैरे सगळं मी माफ करते. वाईट ॲडॅप्टेशन आलं म्हणून ओरिजिनल काही कुणी कपाटातून चोरून नेत नाही, हे मलाही कळतं, आणि लोक दर वेळी समजावायला येतात त्यात हेच सांगतात. पण ज्याने मूळचं बघितलेलं नाही त्याच्या डोक्यात आता तेच बसलं ना! वर्षानुवर्षं मी ज्याची जाहिरात केली ती वस्तू त्याला वाटतं हीच, ठीकठाक, बरी. आता तो जन्मात जुनं बघणार नाही, कारण ‘ते बघितलं की आपण’. गंमत म्हणजे त्याने दुसऱ्या एपिसोडला नावं ठेवायला सुरुवात केली तर मी लगेच सिरीजचीच बाजू घ्यायला लागले, की तसं नाही हं, सेट छान आहेत, लढाया बऱ्या आहेत, झुको नावाच्या राजपुत्राचं काम त्या मुलाने चांगलं केलंय. आमच्या गोष्टीला आम्ही नावं ठेवू, बाहेरच्याने ठेवायची नाहीत.

हे आधीच सगळं सांगून टाकायचं खूळ सगळीकडे आहे. काउबॉय बीबॉप या ॲनिमेचं घ्या. १९९८ ची सिरीज, २६ एपिसोड, त्यात ज्युलिया नावाची बाई जवळजवळ दिसतच नाही, एखादा पाऊस, एखादा फ्लॅशबॅक, एवढीच. म्हणून तर हिरो स्पाइकबरोबर आपणही तिची वाट बघतो. २०२१ च्या लाइव्ह-ॲक्शनमध्ये त्या बाईला घर, संसार, भांडणं, मित्रमंडळी, सगळं दिलं. एपिसोड साधारण दुप्पट लांब होते ना, भरायला काहीतरी हवं. योको कान्नोचं संगीत तेच होतं, टायटल तर हुबेहूब, नटही वाईट नव्हते. तरी १९ नोव्हेंबरला आली आणि ९ डिसेंबरला बंद झाल्याची बातमी. मूळचे दिग्दर्शक शिनिचिरो वातानाबे यांना तपासायला व्हिडिओ पाठवला होता, तर पहिल्या सीनच्या पुढे आपल्याला बघवलं नाही असं त्यांनी नंतर मुलाखतीत सांगितलं. ते वाचून मला एवढं बरं वाटलं काय सांगू. मी तर बिचारी पूर्ण बघितली.

माझं स्पष्ट मत असं की बनवणाऱ्यांना कार्टूनची आतून लाज वाटते. नाव हवं असतं, फॅन हवे असतात, पण कार्टूनपणा नको. मग पहिलं काम म्हणजे दिवे घालवायचे. विंक्स क्लबमधल्या रंगीबेरंगी पऱ्या लाइव्ह-ॲक्शन झाल्यावर अशा काही अंधारात वावरायला लागल्या की डोकं कुठे आणि कोपर कुठे कळेना. पॉवरपफ गर्ल्स बालवाडीच्या पोरी, त्यांना विशीतल्या, बालपण वाया गेलं म्हणून वैतागलेल्या बायका करून पायलट, म्हणजे नमुन्याचा पहिला एपिसोड, शूट केला होता, तो निदान बाहेर आला नाही, देवाची कृपा. आणि २००९ मध्ये ड्रॅगन बॉलवरच्या सिनेमात गोकूला, म्हणजे शेपूट असलेल्या, ढगावर बसून फिरणाऱ्या गोकूला, हायस्कूलमध्ये घातलं. तिथे पोरं त्याला त्रास देतात. ज्याने पुढे ग्रह फोडणाऱ्यांशी मारामारी करायची त्याला मधल्या सुट्टीत चिडवतात! त्याच्या पटकथाकाराने २०१६ मध्ये फॅन लोकांची चक्क माफी मागितली, मी पैशासाठी लिहिलं म्हणाला. बाकी पटकथाकारांनीही विचार करायला हरकत नाही.

वयाचं एक वेगळंच. कार्टूनमधलं पोरगं मोठं होत नाही. पोकेमॉनमधला ॲश १९९७ पासून २०२३ पर्यंत दहा वर्षांचाच, आणि गोकूला १९८६ पासून जपानीत मासाको नोझावा या बाईंचा आवाज आहे, त्यांचा जन्म १९३६ चा, कुणाला काही फरक पडला नाही. खऱ्या मुलाला मात्र दोन सीझनच्या मध्ये मिसरूड फुटतं. मूळ अवतारमध्ये एक धूमकेतू उन्हाळ्याच्या शेवटी येणार असतो, त्याच्या आत सगळं उरकायचं, सगळी घाई त्याचीच. नवीन सिरीजवाल्यांनी ती मुदतच काढून टाकली, कारण पुढच्या सीझनपर्यंत मुलं किती वाढतील सांगता येत नव्हतं. पोराची उंची बघून धूमकेतू पुढे ढकलला.

आता आम्हीपण काही कमी नाही हे मान्य. जसंच्या तसं केलं तर आम्ही म्हणतो मग केलं कशाला, बदललं तर म्हणतो बदललं कशाला. पण म्हणून आम्हाला काहीच आवडत नाही असं नाही हं. समुद्री चाच्यांची ती वन पीस बघा की. हातपाय रबरासारखे ताणणारा हिरो, जिवंत गोगलगायींचे टेलिफोन, शरीराचे तुकडे करून उडवणारा विदूषक, यातलं एक जरी ऐकलं असतं तरी मी आधीच पाण्याचा ग्लास भरून ठेवला असता. आणि २०२३ मध्ये आली तर काय, चक्क चांगली! मूळ लेखक एइचिरो ओडा मानेवर बसलेले, त्यांचं समाधान होईपर्यंत रिलीज नाही असं ठरलेलं. आणि गंमत अशी की बदल तिथेही आहेत. उसोपचं ते हातभर लांब नाक काढून टाकलं, सांजीच्या भुवईची गोल वेलांटी गेली, आणि आम्ही लोक, जे तलवारीच्या मुठीचा रंग चुकला तर रात्रभर भांडतो, काही बोललो नाही. नाक कापलं तरी नाक कापलं गेलं नाही. कारण हिरो लुफी झालेला तो पोरगा टोपी घालून ‘मी समुद्री चाच्यांचा राजा होणार’ असं ओरडतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जराही ‘मी हे काय बोलतोय’ नाही, तो खराच होणार असतो, आणि आजूबाजूच्या कुणालाही गोगलगायीवर बोलताना अवघडल्यासारखं होत नाही. लाजायचं नाही, एवढंच आमचं मागणं असतं, मग नाक ठेवा नाहीतर काढा.

आता नारुतो या निंजा पोराच्या ॲनिमेवर हॉलिवूडमध्ये सिनेमा करायचं चाललंय, २०२४ मध्ये दिग्दर्शकाचं नावसुद्धा जाहीर झालं. मी अर्थात चार जणांना मेसेज केला. पण त्या दिवसापासून एकच काळजी, ते पळण्याचं काय करणार? नारुतो दोन्ही हात मागे सरळ टाकून, डोकं पुढे काढून पळतो, चित्रात ते सुसाट दिसतं आणि खऱ्या माणसाने केलं की पाठीत उसण भरल्यासारखं. ते त्याला साध्या माणसासारखं पळवणार, मला माहितीये, हात पुढेमागे करत, ट्रॅकसूटमध्ये, अंधारात. खरं तर जमणारच नाही असंही नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एरिया ५१ या गुप्त लष्करी तळावर लोक धाड घालणार म्हणून जी गडबड झाली, तिच्यात एक वार्ताहर कॅमेऱ्यासमोर अतिशय गंभीरपणे लाइव्ह बातमी देत होता, आणि त्याच्या मागून एक पोरगा हात मागे टाकून, मान पुढे काढून, इकडून आला आणि तिकडे निघून गेला. विग नाही, व्हीएफएक्स नाही, आजीबाईंची पार्श्वभूमी नाही. नवऱ्याने तो व्हिडिओ बघितला आणि म्हणाला, ‘हा कोण? याची सिरीज आहे का? लाव की.’